उंटाच्या पाठीवरचं ड्रिल मशिन

दोह्याहून पश्चिमेला दुखानच्या रस्त्याने निघालं की वाटेत अल शहानिया लागतं. हिवाळ्यात तिथे उंटांच्या शर्यती असतात. दोर सुटला की उंट उधळतात, आणि पट्टीला समांतर असलेल्या रस्त्यावरून मालकांच्या मोठाल्या गाड्या त्यांच्या बरोबरीने धावू लागतात. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, अंतर कधी चार तर कधी आठ-दहा किलोमीटर. उंटाच्या पाठीवर मात्र माणूस नसतो. तिथे रंगीत रेशमी झबलं घातलेलं, हातभर उंचीचं एक यंत्र बांधलेलं असतं. मधूनच त्याचा चाबूक गरगर फिरतो.

२०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात कतारच्या थंड हवेच्या स्टेडियमबद्दल आणि सेकंदाला ५०० वेळा आपली हालचाल नोंदवणाऱ्या चेंडूबद्दल जगभर लिहिलं गेलं. ते कौतुक रास्तच होतं. पण या देशातली सर्वांत हुशार यंत्ररचना कोणती, असं मला कुणी विचारलं, तर मी शहानियाच्या या यंत्राकडे बोट दाखवेन. ते का जन्माला आलं आणि कसं बदलत गेलं, हे पाहिलं की चांगली रचना घडते कशी, ते कळतं.

जन्माचं कारण भीषण आहे. उंटावर जितकं वजन कमी तितका उंट वेगवान. म्हणून आखाती देशांत लहान मुलांना स्वार केलं जाई. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतल्या गरीब घरांतून ती आणली जात, वजन वाढू नये म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवलं जाई. पडून हातपाय मोडत, काहींचा जीवही जाई. जगभरातून टीका झाली आणि २००५ मध्ये कतारने कायदा करून मुलांना स्वार करण्यावर बंदी घातली. शर्यत मात्र समाजाच्या जिव्हाळ्याची होती, ती बंद करायची नव्हती. म्हणजे मुलाच्या जागी बसेल असं काहीतरी हवं होतं.

कतारच्या सायंटिफिक क्लबमध्ये सुरुवातीचे प्रयोग झाले होते. पुढे काम गेलं के-टीम या स्वित्झर्लंडच्या कंपनीकडे. प्रयोगशाळांसाठी तळहातावर मावतील असे रोबो बनवणारी ही कंपनी. तिच्यासमोरची अडचण विलक्षण होती. यंत्राला वाळवंटातलं ऊन आणि धूळ सोसायला हवी, धावत्या उंटाचे हिसके खाऊन आतली जोडणी सुटता कामा नये, आणि दूरच्या गाडीतून दिलेला हुकूम क्षणात पाळला गेला पाहिजे. या सगळ्यावर अभियंते उत्तर शोधू शकत होते. पण उंटाचं काय? पाठीवर धातूचा ठोकळा गुरगुरायला लागला की उंट बिथरत.

म्हणून पहिल्या यंत्रांना माणसाचं रूप दिलं गेलं. चेहरा, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, अंगात स्वाराचे कपडे. स्वार वापरत तसलं अत्तरसुद्धा त्यांना लावलं जाई. उजव्या हातात चाबूक, डाव्या हातात लगाम. पोटात छोटा संगणक, शिवाय उंटाचा वेग आणि हृदयाचे ठोके मोजून मालकाला कळवण्याची सोय. मला यातली अत्तराची गोष्ट सर्वांत आवडते. वापरणारा कोण आहे, हे त्या अभियंत्यांनी बरोबर ओळखलं होतं. यंत्र विकत घेणारा शेख असला तरी ते सोसणारा उंट होता, आणि उंटाची ओळख नाकातूनही पटते.

संगणकाच्या पडद्यावरही हेच घडलेलं आहे. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे अशी कचेरीतल्या टेबलावरची चित्रं होती. संगणक कधी न हाताळलेल्या कारकुनाला ती ओळखीची वाटावीत, हा हेतू. पुढे ही रीत इतकी रुजली की फोनच्या पडद्यावरच्या वहीला चामड्याची शिवण आणि पुस्तकांच्या मांडणीला लाकडाच्या रेघा आल्या. २०१३ मध्ये अॅपलने आयफोनच्या पडद्यावरून ही सगळी शिवण-लाकूड काढून टाकली. तोवर लोकांचा हात बसला होता. ओळखीच्या रूपाचं काम संपलं होतं.

शहानियात उंटांचाही असाच सराव झाला. यंत्र पाठीवर असणं त्यांच्या अंगवळणी पडलं, आणि मग चेहरा, टोपी, गॉगल एकेक करून गळू लागलं. ही काटछाट स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत झाली नाही, शर्यतपट्टीजवळच्या छोट्या वर्कशॉपमध्ये झाली. पहिली यंत्रं १५ किलोंहून जड होती आणि एकेकाची किंमत पाच हजार डॉलरच्या वर. शर्यतीचा उंट चारशे किलोंच्या आसपास धरला, तर पाठीवर त्याच्या चार टक्के वजन आलं. कारागिरांनी ते यंत्र बाजूला ठेवलं आणि बाजारात मिळणारं, बॅटरीवर चालणारं ड्रिल मशिन उचललं.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ही निवड अतिशय देखणी आहे. ड्रिलमधली मोटर लहान असते आणि प्रचंड वेगाने फिरते, पण तिच्या फिरण्यात जोर नसतो. म्हणून तिच्यापुढे दात्यांच्या चक्रांची जोडणी असते: मधलं एक चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं आणि बाहेर दात्यांचं कडं. ही जोडणी वेग कमी करते आणि त्या बदल्यात जोर वाढवते. भिंतीला भोक पाडायला जसा जोर लागतो, तसाच चाबूक वाऱ्याविरुद्ध फिरवायलाही लागतो. त्यातून ड्रिल हे बांधकामावरचं हत्यार. धूळ खाणं, पडणं, हादरणं हे सगळं गृहीत धरूनच ते बनवलेलं असतं. शर्यतीच्या यंत्राला जे गुण हवे होते, ते कुणीतरी आधीच तपासून, हजारोंच्या संख्येने तयार करून दुकानात ठेवले होते. बिटाच्या जागी चाबूक आला, मुठीतल्या कळीच्या जागी मोटारीच्या दाराचं कुलूप उघडणाऱ्या रिमोटसारखा रिमोट. सोबत वॉकीटॉकी, म्हणजे गाडीतल्या मालकाच्या आरोळ्या उंटाच्या कानाशी. अशा यंत्राचं वजन दोन-तीन किलो भरतं, उंटाच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. आणि बिघडलं, तर सुटा भाग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पाहताना बैलगाडा शर्यत आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे प्रश्न बैलाच्या छळाचा होता. बंदी, आंदोलनं, न्यायालय असं होत होत मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला आणि शर्यती कायम राहिल्या, पण चाबूक, काठी आणि विजेचा झटका यांना मनाई करणाऱ्या नियमांसह. कतारमध्ये मूल वाचलं आणि चाबूक तसाच राहिला. मूल वाचलं हे फार मोठं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण गाडीत बसलेल्या माणसाचं बोट बटणावर असतं, आणि उंट किती दमला आहे हे त्या बोटाला जाणवत नाही. पाठीवर बसलेल्या स्वाराच्या मांड्यांना निदान श्वासाची धाप कळत असे.

वजन घटवण्याच्या धडपडीत जे जे काढून टाकलं गेलं, त्यात टोपी-गॉगल जाण्याने काहीच बिघडलं नाही. साध्या ड्रिलच्या यंत्रातून हृदयाचे ठोके मोजणारी सोयही गेली, हे मात्र खटकतं. आज मनगटावरच्या घड्याळात ती काही ग्रॅममध्ये बसते. उंटाच्या केसाळ, घामेजल्या, हलत्या अंगावर ती नीट चालवणं सोपं नाही. तिथे प्रकाशाने ठोके टिपणारा संवेदक फसेल, छातीच्या पट्ट्यात विजेची स्पंदनं टिपणारा लागेल. ठोके एका मर्यादेपुढे गेले की रिमोटचं बटण काही वेळ चालूच नये, एवढी एक जोडणी त्या वर्कशॉपमधल्या कुणीतरी करून पाहावी.