समुद्राच्या तळाचे घड्याळ

उत्तर पॅसिफिक महासागरात दोन-तीन किलोमीटर खोलीवर असलेले बरेचसे पाणी शेवटचे हवेच्या संपर्कात आले, तेव्हा ‘ज्ञानेश्वरी’ लिहिली गेली नव्हती. पाण्याचे हे वय कळते ते त्यात विरघळलेल्या कार्बन-१४ मुळे.

वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत नायट्रोजनपासून हा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपात समुद्राच्या पाण्यात विरघळतो. पाणी खोल बुडाले, की नवा पुरवठा थांबतो; असलेला साठा मात्र घटत राहतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, म्हणजे हजार वर्षांत सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. खालचे जुने पाणी वर येऊन मिसळत असल्याने पृष्ठभागावरचे पाणीही सरासरी ४०० वर्षे जुने भासते. तेवढी वजाबाकी करावी लागते.

या हिशेबातून खोल प्रवाहांची वाट दिसते. ग्रीनलंडच्या आसपास थंड, खारट पाणी जड होऊन बुडते, अटलांटिकच्या खोल भागातून दक्षिणेकडे सरकते, अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यात मिसळते आणि तेथून हिंदी व पॅसिफिक महासागरांत शिरते. वाट लांबते तसा कार्बन-१४ कमी होत जातो.

१९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी दुसरी खूण पुरवली. त्यांच्यामुळे उत्तर गोलार्धातील हवेत कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. तो समुद्रात किती आणि किती खोल उतरला, हे १९७० च्या दशकात ‘जिओसेक्स’ मोहिमेने मोजले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अरबी समुद्रात पुन्हा मोजणी करून आधीच्या आकड्यांशी तुलना केली. पूर्वी एका नमुन्याला सुमारे अडीचशे लिटर पाणी लागे; आता अर्धा लिटर पुरते.

या आकड्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे. माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. चाचण्यांतला कार्बन हवा आणि समुद्र यांच्यातील देवाणघेवाणीचा वेग सांगतो, तर नैसर्गिक कार्बन-१४ खोल पाणी किती सावकाश बदलते ते सांगतो. हवामानाची संगणकीय प्रारूपे याच मोजमापांवर पारखली जातात. समुद्राचा वरचा थर काही वर्षांतच हवेशी जुळवून घेतो. खोल पाण्याला शतके लागतात. आपण जाळलेल्या इंधनाचा धूर समुद्र पोटात घेईल हे खरे, पण ते त्याच्या गतीने, आपल्या नव्हे.