शंभरावा भाग मोजणाऱ्या पट्ट्या

खजराना गणपतीमुळे परिचित असलेले इंदूर हे पीथमपूरच्या कारखान्यांच्या शेजारचेही शहर आहे. तेथील लेथवर काय किंवा आपल्या वेर्ण्यात काय, कामगाराच्या हाती आता बहुधा डिजिटल कॅलिपर दिसतो.

त्याच्या पोलादी पट्टीवरील स्टिकरखाली तांब्याच्या समान पट्ट्यांची रांग दडलेली असते. दोहोंतील अंतर साधारण ५ मिलिमीटर. सरकत्या भागात याहून बारीक पट्ट्या असतात. समोरासमोर आलेल्या पट्ट्यांचे लहानसे धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, तयार होते. बारीक पट्ट्यांना निरनिराळ्या कलांचे विद्युत्संकेत दिले जातात. जबडा सरकला की पट्ट्यांचे परस्परांवरील आच्छादन बदलते, त्यासरशी परत येणाऱ्या संकेताची कलाही बदलते. त्यावरून एका घरातील नेमके स्थान कळते. किती घरे ओलांडली, याची मोजदाद आतील चिप ठेवते. बटणाएवढा सेल काढताच साधा कॅलिपर आपले शून्य विसरतो, तो यामुळेच.

पट्ट्यांमध्ये कूलंट शिरले तर मात्र घोटाळा होतो. पाण्याचा परावैद्युतांक हवेच्या सुमारे ८० पट असल्याने आकडे वेडेवाकडे उड्या मारू लागतात. पावसाळ्यात ओल्या हातांनी मोजणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गैरसमज. पडद्यावर ०.०१ मिलिमीटर उमटते म्हणून अचूकताही तेवढीच, असे नव्हे. चांगल्या उपकरणातही ०.०२ मिलिमीटरची चूक संभवते. बेअरिंगमध्ये बसणाऱ्या २५ मिलिमीटरच्या शाफ्टला ‘एच ६’ श्रेणीत सूट असते अवघी ०.०१३ मिलिमीटर. तो शाफ्ट कॅलिपरवर पास करणारा कारागीर नकळत नाकारण्याजोगा माल पुढे पाठवू शकतो. तेथे मायक्रोमीटरच लागतो.