ओव्यावर रात्र काढू नका
बेंबीपाशी सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, खोकलं तरी तिथे जीव जातो, सोबत मळमळ आणि ताप: हे अपेंडिक्स असू शकतं. पोट साफ होण्याचं औषध मुळीच नको. फसवी गोष्ट अशी, की दुखणं एकदम थांबलं तर अपेंडिक्स फुटलेलंही असू शकतं. पोट लाकडासारखं कडक, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी, पाळी चुकलेली असताना ओटीपोटात कळ: तडक रुग्णालय गाठा. वरच्या पोटातल्या ‘गॅस’सोबत दरदरून घाम आला, तर तो हृदयविकाराचा झटकाही असू शकतो: आधी ईसीजी. रुग्णवाहिकेसाठी १०८. निघताना चहासुद्धा पाजू नका (आग्रह करणारं कुणीतरी घरात असतंच). शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं.