खिशांतलीं शिल्पें

जपानी पेहरावास खिसा नसे; म्हणून औषधाची डबी दोरीनें कमरपट्ट्यास अडकवीत, आणि दोरी निसटूं नये म्हणून तिच्या टोंकास सुपारीहून थोडी मोठी कोरीव गुंडी लावीत. तीच नेत्सुके. रेशीम फाटूं नये म्हणून तिला टोंचणारा कोपरा ठेवीत नसत! १८६८ नंतर खिशांचा पाश्चात्त्य पोषाख आला, आणि हीं चिमुकलीं शिल्पें युरोपांतल्या कपाटांत गेलीं. पॅरिसच्या चार्ल्स एफ्रुसी यांनीं घेतलेलीं २६४ शिल्पें १८९९ सालीं लग्नाचा आहेर म्हणून व्हिएन्नास आलीं. १९३८ सालीं नाझींनीं तें यहुदी घर लुटलें, तेव्हां अ‍ॅना नांवाच्या दासीनें तीं थोडथोडीं आपल्या खिशांतून नेऊन गादींत दडविलीं. आमच्या मतें खरी संग्राहक तीच. युद्ध संपल्यावर घरची लेक एलिझाबेथ परतली, तेव्हां अ‍ॅनानें एकूण एक शिल्प तिच्या हवालीं केलें.