कॅप्टन, टॉर्च दाखवा

विमान बेवर येऊन चाकांना चॉक लागले आणि शिडीपाशी पिवळ्या जॅकेटातली दोन अनोळखी माणसं दिसली, की आम्ही मेंटेनन्सवाले ओळखायचो, आज रॅम्प इन्स्पेक्शन! युरोपातल्या एका स्टेशनवर मी काही वर्षं काढली. तिथले हे अधिकारी ना आमच्या कंपनीचे, ना आपल्या सरकारचे. तरी पाहुण्या विमानाची झडती घ्यायचा हक्क त्यांना १९४४च्या शिकागो कराराच्या १६व्या कलमाने दिलेला आहे.

वेळ काय तो विमान परत निघेपर्यंतचा. पन्नासहून जास्त मुद्द्यांची यादी तेवढ्यात कुठली संपायला, म्हणून ते निवडून बघतात. एक जण कॉकपिटमध्ये कागद चाळतो, लायसन्स तपासतो आणि हटकून विचारतो, टॉर्च कुठाय? रात्रीच्या उड्डाणात क्रूपैकी प्रत्येकाजवळ टॉर्च हवाच, आणि तो लागायलाही हवा. दुसरा आमच्याबरोबर विमानाला प्रदक्षिणा घालतो. टायरची झीज, इंजिनच्या पात्यांचे टवके, पोटाखाली ओघळलेलं तेल. ओघळ दिसला म्हणजे दोष ठरला असं नव्हे. मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायचं आणि मॅन्युअलमधली मर्यादा काढून त्याच्यापुढे धरायची. पॅनेलला तो स्वतः हात लावत नाही. सामानाच्या कप्प्यातली फाटकी जाळी मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि सुटूही नये. उड्डाणात सामान मागे सरकलं तर विमानाचा तोलच जातो.

दोषांच्या श्रेणी तीन. पहिलीत कॅप्टनला सांगून भागतं, दुसरीत कंपनीला आणि तिच्या देशाला पत्र जातं. तिसरी लागली, तर दुरुस्ती होईपर्यंत विमान बहुधा हलत नाही.

अशा धावत्या नजरेत सगळं विमान कळतं, असं कुणी समजू नये. अमेरिकाही रॅम्पवर तपासते, पण तिचा भर विमान कंपनीच्या देशाची देखरेख यंत्रणा जोखण्यावर. २०१४च्या जानेवारीत तिने भारताला खालच्या श्रेणीत टाकलं, ते आपल्या हवाई नियामकाकडे, डीजीसीएकडे बोट दाखवून. वरची श्रेणी परत मिळायला एप्रिल २०१५ उजाडला. युरोपने १९९६पासून वेगळी वाट धरली. प्रत्येक देशाने तपासायचं आणि निष्कर्ष एकत्र नोंदवायचे.

पण त्या नोंदी प्रवाशांपर्यंत जात नव्हत्या. इजिप्तच्या फ्लॅश एअरलाइन्सला स्वित्झर्लंडने २००२मध्येच तपासणीनंतर बंदी घातली होती. ३ जानेवारी २००४ रोजी तिचं बोइंग ७३७ शर्म अल-शेखहून निघालं आणि तांबड्या समुद्रात कोसळलं. १४८ माणसं गेली, बहुतेक फ्रेंच पर्यटक. स्विस बंदीची वार्ता लोकांना कळली ती त्यानंतर. अपघाताच्या कारणावर तपास करणाऱ्या देशांचं एकमत झालं नाही आणि स्विस तपासणीत सापडलेल्या दोषांनीच विमान पडलं, असं मीही म्हणणार नाही. पण तिकीट काढणाऱ्याला ते कळायला नको होतं?

मार्च २००६पासून युरोप बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवणार, हेही तिथे तिकीट विकणाऱ्याला सांगावं लागतं. नातेवाईक एखाद्या अनोळखी विमान कंपनीचं स्वस्त तिकीट घेऊन विचारायला आले, की मी आधी ती यादी उघडतो, भाड्याचं मग बघू.