सौरघट आणि प्रकाशाचा परिणाम

पवना नदीकाठचे पिंपळे सौदागर हे एके काळचे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. तेथील गृहसंकुलांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल दिसू लागले आहेत. अशी पॅनेल आता शाळा व ग्रामपंचायतींच्या इमारतींवरही बसविली जातात. ज्या उन्हावर ती चालतात, त्याच उन्हाने त्यांची शक्ती कमी होते काय, अशी शंका साहजिकच विचारली जाते. काही अंशी ती खरी आहे; परंतु हा ऱ्हास मर्यादित व मोजता येण्याजोगा असतो.

ऱ्हास कशामुळे?

सूर्यप्रकाशाने सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात व त्यांच्या प्रवाहातून वीज मिळते. अनेक वर्षे या सिलिकॉनमध्ये अल्प प्रमाणात बोरॉन मिसळले जाई. स्फटिक तयार करताना मुशीतून प्राणवायूचे अणूही त्यात शिरतात. प्रकाश पडताच बोरॉन व प्राणवायू यांच्या संयोगाने दोष निर्माण होतात आणि काही इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात. ही बाब १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. यामुळे पहिल्या काही दिवसांत क्षमता साधारण १ ते ३ टक्क्यांनी उतरते व नंतर स्थिरावते.

अस्फटिकी सिलिकॉनच्या पातळ थरांत हा ऱ्हास अधिक, म्हणजे १० ते ३० टक्के असतो. स्टेबलर व रॉन्स्की या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अमेरिकेत तो दाखवून दिला. असे थर दीडशे अंश सेल्सिअसच्या वर तापविल्यास गेलेली क्षमता परत येते. अर्थात, हा गंज नव्हे. अणूंच्या बंधांतील फेरबदल होय. अलीकडे बोरॉनऐवजी गॅलियम वापरून, किंवा फॉस्फरसयुक्त सिलिकॉन घेऊन, बोरॉनमुळे होणारा ऱ्हास टाळला जातो.

नोंद कशी ठेवावी?

पहिल्या वर्षी अडीच टक्के व पुढे दरसाल अर्धा टक्का ऱ्हास धरल्यास पंचविसाव्या वर्षाअखेर मूळ क्षमतेच्या सुमारे ८५ टक्के शिल्लक राहते. खरेदीपूर्वी हमीपत्रातील हे दोन आकडे अवश्य पाहावेत.

मात्र उन्हाळ्यात उत्पादन घसरले की प्रत्येक वेळी दोष प्रकाशाचा नसतो. पंचवीस अंशांवर दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी मिळते. सौरघट साठ अंशांपर्यंत तापल्यास १० ते १४ टक्के. तो थंड झाला की ही तूट भरून निघते. धूळही धुतल्याने जाते. म्हणून पॅनेल स्वच्छ ठेवून यंदाच्या मार्चची तुलना गतवर्षीच्या मार्चशीच करावी. तफावत हमीपेक्षा बरीच अधिक असल्यास जोडण्या, इन्व्हर्टर व सावली तपासून मगच पुरवठादाराकडे दावा करावा. त्यासाठी मीटरची मासिक नोंदवही हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.