गणवेशातली रिंग
केमसारख्या गावात सैन्यभरती म्हटलं की धावणं आणि लेखी परीक्षा एवढंच डोळ्यांसमोर येतं. बॉक्सिंग म्हणजे वेळेचा अपव्यय. हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कामगिरी करणाऱ्या खेळाडूंना लष्कर थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून घेतं. अमित पंघाल 2018 मध्ये महार रेजिमेंटमध्ये असाच आला आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत त्याने रौप्यपदक जिंकलं. लहान मुलांसाठी बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. तिथे शाळा, निवास, आहार आणि प्रशिक्षण मिळतं. रेल्वेमार्गावरच्या केमला पुणे काही दूर नाही, आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट पुण्यातच आहे.

दुखापत झाली तर काय, ही पालकांची भीती रास्त आहे. पण खेळ थांबला तरी सैनिकाची नोकरी सहसा उरते. खासगी आखाड्यात तेवढाही आधार नसतो. मात्र हा आधारही दरवेळी टिकतोच असं नाही. सांगलीचे मुरलीकांत पेटकर लष्करातले बॉक्सर. 1965 च्या युद्धातल्या गोळ्यांनी त्यांची रिंग आणि नोकरी दोन्ही हिरावली, तरी 1972 मध्ये हायडेलबर्गला जलतरणात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं. असा माणूस विरळाच, म्हणून दहावी-बारावीचं शिक्षण सोडू नये, हेही तितकंच खरं.